फडक्यात अडकलेले जीव

आचार्य रेवतांनी करुणेची परीक्षा घेतली की भल्याभल्या भिक्खूंना घाम फुटायचा. त्या दिवशी सगळे वेळेवर येऊन सूत्रं घडाघडा म्हणत होते. उत्तिय तेवढा उशिरा आला, तोही पाणी गाळायचं ओलं फडकं हातात घेऊन.

"हे फडकं परीक्षेपेक्षा मोठं का?" आचार्य कडाडले. "सकाळी मीच पाणी गाळलंय. एकही जीव पोटात जाऊ दिला नाही."

"खरंय, भन्ते. पण फडकं तुम्ही दगडावर वाळत टाकलंत. त्यात जीव तडफडत होते, ते पाण्याच्या टाक्यात सोडून आलो," उत्तिय शांतपणे म्हणाला. "पाणी गाळून आपण पापातून सुटलो. ते मात्र अडकूनच राहिले होते."

आचार्य आसनावरून उठून शिष्यांच्या रांगेत जाऊन बसले.

"पुढचे प्रश्न तू विचार."