नीलूची ऊब

"पण अप्पा, दोष माझाच ना?"

महानंदानं हे तिसऱ्यांदा विचारलं. अप्पा उन्हाकडं पाठ करून घोंगडीवर बसले होते. मठाचे स्वामी, ऐंशीच्या पुढचे.

मी दासोहात, म्हणजे मठाच्या रोजच्या पंगतीला, भाकरी थापायला जायची. त्या सकाळी ओसरीवर अंबाडी निवडत होते, म्हणून सगळं कानावर पडलं.

"मला कर्म-बिर्म सांगू नका," महानंदा म्हणाली. "मी शाळेत सायन्स शिकवते."

"नाही सांगत. तूच सांग. पोरीला काय झालंय?"

पोरगी, नीलू, लांब पारावर चिंचोक्यांशी खेळत होती. सहा वर्षांची. चार पावलं चालली की बसायची. पापण्या वर उचलत नव्हत्या, म्हणून मान मागं टाकून बघायची. एखादी पाटलीणबाई बघते तशी.

"शरीराच्या कणाकणात बारक्या चुली असतात, अप्पा. आपण खातो ते त्या जाळतात, म्हणून आपण चालतो, बोलतो. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. नीलूच्या चुली नुसत्या धुमसतात. नीट पेटत नाहीत."

"औषध?"

"थोडं आहे. बरं होण्याचं नाही."

"हं..."

"आणि ह्या चुली बापाकडनं येत नाहीत. सगळ्या आईकडनं. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, माझ्यातनंच आलंय. मी धडधाकट, आणि पोरगी ही अशी. सासूबाई म्हणतात, आपलंच लेकरू गिळलंस."

अप्पांनी जमिनीकडं बघितलं.

"मी तिला आता जवळ घेत नाही, अप्पा. हात लावायचा धीर होत नाही. मला इथं राहू द्या. भाकरी थापीन, झाडलोट करीन. तिचे बाबा खाली जीपपाशी थांबलेत, ते तिला घेऊन जातील. माझी सावली नको तिच्यावर."

अंबाडीचा देठ माझ्या हातात तसाच राहिला.

अप्पांनी विचारलं, "ह्या चुली म्हाताऱ्यांच्या कशा असतात गं?"

"त्यांच्याही मंदावतात. झिजतात. म्हणून तर थकवा येतो, हातपाय गार पडतात."

"म्हणजे मी आणि नीलू एकाच घरचे!" अप्पा हसले. बोळकं तोंड सगळं दिसलं.

महानंदा हसली नाही.

"माझ्या चुली कुणाच्या म्हणायच्या मग?"

"तुमच्या आईच्या."

"अजून?"

"अजून. मरेपर्यंत."

अप्पा आपल्याच तळहातांकडं बघत राहिले...

अप्पा आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईनं त्यांना मठाला दिलं होतं. नवसाचं लेकरू. गादीवर बसला की त्यानं आईला आई म्हणायचं नाही, आणि आईनं लेकाच्या पाया पडायचं, अशी रीत. ती माउली दर जत्रेला यायची. रांगेत उभी राहायची, पाया पडायची, निघून जायची. हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. अप्पांच्या तोंडून मात्र कधी कुणी ऐकलं नव्हतं.

"नीलाबाई!" त्यांनी एकदम हाक मारली. "इकडं या. माझे हात गारठलेत."

"तुम्हीच या," नीलू पारावरून ओरडली. "मला दम लागतो."

"मलाही लागतो."

नीलूनं मान मागं टाकून विचार केला. "मग अर्ध्यात भेटू."

अप्पा काठी टेकत उठले. ती पारावरून उतरली. ते चार पावलं यायचे आणि थांबायचे, ती चार पावलं यायची आणि खाली बसायची. दोन कासवं निघाल्यासारखी. अंगणाच्या मधोमध दोघं एकदाची भेटली आणि तिथंच बसली.

"ई! बेडूक!" अप्पांचा हात लागताच नीलू किंचाळली. पण सोडला नाही. दोन्ही तळवे आपल्या स्वेटरच्या आत, काखेत घेतले आणि वरून हात घट्ट दाबले. "आता हलायचं नाही. आमच्या बाबांचे पण असेच करते मी."

"आणि आईचे?"

"आई नाही देत हात."

अप्पा हलले नाहीत. थोड्या वेळानं ती त्यांच्या मांडीवरच झोपून गेली. तेवढ्या चालण्यानंच दमली होती.

खालून जीपचा हॉर्न वाजला.

महानंदा जवळ आली. पदर तोंडाशी धरलेला. "मग राहू ना मी, अप्पा?"

"राहा की."

तिला खरं वाटेना.

"पोरगी जाईल. त्याआधी तिच्यातलं तुझं तेवढं काढून घे. तूच दिलंस म्हणतेस ना? दिलेलं परत घ्यायचं."

"काय बोलता, अप्पा..."

"हात ठेव तिच्या छातीवर."

ती उभीच राहिली. मग गुडघ्यांवर बसली. हात पुढं केला, मागं घेतला. पुन्हा पुढं केला... आणि ठेवला.

"गार आहे?"

"नाही."

"मग?"

"ऊब आहे."

"बापाची?"

महानंदाच्या गळ्यातून कसलासा आवाज आला. शब्द नव्हता तो.

"घे काढून," अप्पा हळूच म्हणाले. "आणि राहा इथं."

नीलूची छाती वर होत होती, खाली होत होती. महानंदाचा हात तिच्याबरोबर वरखाली होत होता. खालून पुन्हा हॉर्न वाजला. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"निघत नाही, अप्पा."

अप्पांनी नीलूचं डोकं अलगद उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्या आईलाही नाही जमलं."