माळावरचा कर्ता

“पण बुवा, भीतीवर एखादा अंगारा नाही का तुमच्याकडं?”

तुळाजी इंगवले काकुळतीला आला होता. गावात उंदीर पटापट मरून पडले, गाठीचा ताप आला, तसं अख्खं गाव घरांना कड्या घालून माळावर झोपड्यांत राहायला आलं. तुळाजीची झोपडी सगळ्यांत नीटस. आत मात्र सुतकी कळा.

“घरात कोण कोण?” भैरोबाच्या देवळापुढं जोंधळा पाखडत लिंबाजीबुवांनी विचारलं.

“आई, बायको, मुलगा, सून. आई जेवत नाही. सून मुसमुसते. मुलगा दिवसभर स्वतःची काख चाचपतो... तापाआधी भीतीच घेऊन जाईल हो त्यांना!”

“पाणी कोण आणतं?”

“मीच. उकळतोही मीच.”

“भाकरी?”

“मीच थापतो.”

“अरे देवा! म्हणून म्हातारी जेवत नाही होय?”

तुळाजी हसला नाही. कर्ता माणूस तो. अशा वेळी कर्त्याला चेव येतोच. छाती काढून म्हणाला, “कुणाला काडी उचलू देत नाही मी. सांगितलंय, स्वस्थ बसा. घराचा खांब उभा आहे.”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“दमलास. बस त्या लिंबाखाली. उठायचं नाही.”

तुळाजी बसला. बुवांनी अंगण झाडलं, पाणी भरलं, चूल पेटवली. तुळाजी नुसता बघत राहिला. जरा वेळानं त्याचा घसा खवखवल्यासारखा झाला. मग कपाळ तापल्यासारखं वाटलं. मग हात आपसूक काखेत गेला...

“बुवा! काहीतरी काम द्या हो मला!”

“का रे? स्वस्थ बस की. खांब उभा आहे.”

तुळाजी उठला तो तडक झोपडीकडं पळत सुटला.

थंडी सरता सरता परत आला. तोंड हे एवढं फुगलेलं.

“काय सांगू बुवा! सुनेनं माझी भाकरी कुत्र्यापुढं टाकली, तर त्या मेल्यानंही हुंगून सोडली. पाणी उकळायचं आईनं हाती घेतलंय. कच्चं पाणी कुणी तोंडाला लावलं की पळी उगारते. अंथरुणं उन्हात टाकणं मुलाकडं. आणि परवा मला ताप भरला...”

बुवांचा हात थांबला. “गाठ?”

“छे, साधाच. उतरला. पण कुणी रडलं नाही बुवा! बायकोनं मला वेगळ्या खोपटात निजवलं, लांबून काढा सरकवला, नि म्हणाली, ‘गप पडा. सगळं चाललंय.’ आणि खरंच चाललं होतं! आई जात्यावर ओव्या म्हणत होती...” तो त्याच लिंबाखाली मटकन बसला. “माझ्यावाचून त्या घराचं आता काहीच अडत नाही.”

बुवा खदखदून हसले.

“मग लेका, साखर वाटायची सोडून इथं काय करतोस?”