चाप वर सरकत गेला

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते विचारू नका. मला ज्याने ती सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हतं. तो हिंगाचा व्यापारी होता. गावोगाव फिरल्याने नावं त्याच्या डोक्यात राहत नसत, माणसं मात्र राहत.

तर एका डोंगराळ मुलखात एक भाऊ आणि एक बहीण राहत होते. भाऊ थोरला, बहीण धाकटी. आईबाप लवकर गेलेले. शेत नाही, दुकान नाही. थोरल्याजवळ एक वाद्य होतं आणि धाकटीजवळ गळा होता. बाजारात, जत्रेत, लग्नघरी तो वाजवी, ती गाई आणि दोघांची चूल पेटे.

वाद्य साधंच होतं. भोपळ्याचं पोट, लांब दांडी, दांडीवर ताणलेल्या तारा. दांडीवर पितळेच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांना पडदे म्हणतात. तार त्या पडद्यांपाशी दाबायची आणि सूर काढायचा. थोरला कोणाकडे शिकलेला नव्हता. त्याला बोटांच्या मोजक्याच ठेवणी येत, पण तेवढ्यात तो असा वाजवी की जाणारा माणूस डोक्यावरचा भारा खाली ठेवून ऐके.

अडचण एकच होती. त्याच्या ठेवणींतून गाणं खालच्या सुरात निघे आणि धाकटीचा गळा होता वरचा. मग गावच्या सुताराने त्याला एक चाप करून दिला. शिसवी लाकडाची छोटी पट्टी, आतून कातडं लावलेलं, मागून दोरीने आवळायची. दांडीवर हव्या त्या पडद्यापाशी तो चाप बसवला की सगळ्या तारा तिथून आखूड होत आणि सूर वर चढे. बोटं तीच, ठेवण तीच, फक्त जागा पुढे सरकलेली. हल्ली गिटार वाजवणारी मुलं तिच्या मानेवर असाच एक चिमटा लावतात आणि त्याला कॅपो म्हणतात. काम तेच.

सुरुवातीला रीत अशी होती की धाकटी आधी एक ओळ गुणगुणे. थोरला चाप मागेपुढे करून बघे. तिने मान हलवली की दोरी आवळायची. गळा पुढे, चाप मागून.

हळूहळू नाव झालं. मुलखाच्या राजधानीत दर वसंतात मोठा उत्सव भरे. तिथे या दोघांना पहिल्या गाण्याचा मान मिळाला. गाण्याची शेवटची ओळ धाकटी अशी वर नेई की सभा श्वास घ्यायची थांबे. पुढच्या वसंतात उत्सवाचा कारभारी थोरल्याला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, लोकांनी गेल्या साली जे ऐकलं ते ऐकून झालं. या साली जरा वर न्या. नाहीतर दारात दुसऱ्या जोड्या उभ्याच आहेत."

थोरल्याने चाप एक पडदा वर सरकवला. त्याच्या पुढच्या साली आणखी एक. आता धाकटी गुणगुणायच्या आधीच दोरी आवळलेली असे.

"दादा, आज एक पडदा खाली घे ना," एकदा जत्रेला निघताना धाकटी म्हणाली. "घसा ओढतोय."

"काल तर खणखणीत लागला होता."

"काल लागला म्हणून तर आज ओढतोय."

"मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. रुळेल."

"तुझं बरं आहे रे. तू नुसता चाप सरकवतोस. मला अख्खं सरकावं लागतं."

थोरला हसला. धाकटीही हसली, पण गळ्यावर हात ठेवून.

आमच्या पेठेत एक टोप्या विकणारा होता. टोपी घट्ट होते म्हणून गिऱ्हाईक परत आलं की तो म्हणे, "टोपी बरोबर आहे, डोकं जरा उन्हाने फुगलंय, चार दिवसांत बसेल." गिऱ्हाईक हसत परत जाई आणि घरी जाऊन कपाळाला सुंठ लावे. बोलण्यात गोडवा असला की दुखणं कोणाचं, हे माणूस विसरतो.

पण थोरला काही त्या टोपीवाल्यासारखा बनेल नव्हता. बहिणीवर त्याची माया होती. खरी गोष्ट निराळीच होती आणि ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. त्याच्या बोटांचे सांधे आखडायला लागले होते. दांडीच्या टोकाकडचे पडदे दूर दूर असतात. तिथे वाजवायचं तर बोटं ताणावी लागतात आणि ताणली की कळ मनगटापर्यंत जाई. पोटाकडे यावं तसे पडदे जवळ जवळ येतात. चाप जितका वर, तितकं बोटांना सोपं. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे, पण वरच्या पडद्यांवर त्याची बोटं जवानासारखी पळत. लोक म्हणत, मास्तरांचा हात काय सुरेख चालतो. ते ऐकून दुखणं सांगायचं त्याच्या जिवावर येई. बोटं गेली म्हटल्यावर आपल्याला कोण विचारणार, ही भीती. आणि आपण तर तेच वाजवतोय, मग गाणंही तेच असणार, अशी स्वतःची समजूत.

पुढे एका हिवाळ्यात धाकटीचा आवाज सकाळी फुटेनासा झाला. दोघं वैद्याकडे गेले. वैद्याने तिचा घसा उजेडाकडे करून बघितला आणि म्हणाला, "बाई, आत सूज आहे. हा हंगाम गाऊ नकोस. गायचंच झालं तर खालच्या सुरात गा. वर नेलास तर हा गळा तुटेल, आणि तुटला की माझ्याकडे त्यावर पाला नाही."

दोघं परत निघाले. गाव जवळ आल्यावर थोरला म्हणाला, "एवढा उत्सव होऊ दे. मग तू नुसती बसून राहा."

धाकटीने पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला.

उत्सवाच्या दिवशी मंडपामागे थोरला वाद्य लावत बसला होता. धाकटी त्याच्यासमोर येऊन बसली.

"दादा, एवढं आजचं ऐक. चाप खाली घे."

"कारभारी आत्ताच सांगून गेलेत, गेल्या सालापेक्षा वर."

"मग तारा सैल कर. चाप राहू दे तिथेच, सूर तर उतरेल."

"सैल तारा भणभणतात. भरल्या सभेत भणभणाट ऐकवू? लोक हसतील, बाय."

"हसू देत की."

"आजच्या दिवस," थोरला म्हणाला. दोरी आवळताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

धाकटी गायली. पहिलं कडवं चांगलं गेलं. दुसऱ्या कडव्यात तिच्या मानेच्या शिरा वर आल्या. शेवटच्या ओळीला ती चढली, सभेने श्वास धरला, आणि कापड फाटावं तसा एक आवाज झाला. मग काहीच नाही. तिचं तोंड उघडं होतं, ओठ हलत होते.

थोरला मात्र वाजवतच होता. त्याच्या बोटांना काही कळलंच नव्हतं. ती आपली सवयीने पळत होती. सभेत कुजबूज सुरू झाली तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

कारभाऱ्याने पुढच्या जोडीला हाताने बोलावलं.

धाकटीचा आवाज परत आला नाही. मागे उरली ती घोगरी कुजबूज, तीही दोन वाक्यांवर थकणारी. दोघं गावी परतले आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून विकू लागले. लग्नघरी आता त्यांच्या पत्रावळी जात.

एका दुपारी थोरल्याने वाद्य काढलं. चाप सोडून बाजूला ठेवला आणि दांडीच्या टोकाकडच्या लांब पडद्यांवर तो वाजवू लागला. अगदी खालच्या सुरात, हळू. त्याला वाटलं, इतक्या खाली तरी ती येईल. धाकटीने एक ओळ धरून बघितली. नुसता वारा निघाला. तिने ओठ मिटले आणि ती भावाच्या हाताकडे बघत राहिली. त्याचं तोंड वेदनेने वाकडं झालं होतं.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"थोडं."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

पानात टोचायची काडी तिच्या हातात तशीच राहिली. "म्हणून चाप वर होता?"

थोरल्याने मान खाली घातली.

"मला वाटायचं, लोकांसाठी चाललंय," ती थांबत थांबत म्हणाली. "लोकांपुढे मी काय बोलणार, म्हणून ओढत राहिले. तुझी बोटं दुखतात म्हणाला असतास तर दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. कमी गायलो असतो. पोटापुरतं मिळालंच असतं, दादा."

एवढं बोलून तिला ठसका लागला. तिने हाताने पाणी मागितलं. थोरल्याने उठून तांब्या दिला. त्यानंतर त्या घरात यावर कधी बोलणं झालं नाही, आणि वाद्यही वाजलं नाही.

थोरला पुढे पुष्कळ जगला. बाजारात नवी जोडी गायला आली की तो गर्दीच्या मागे उभा राही. सगळे वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघत, तो गाणारीच्या मानेकडे बघे. शिरा वर आलेल्या दिसल्या की त्याला तिथे थांबवत नसे.

लहानथोरांनो, यातून घ्यायचं ते इतकंच: आपलं काम सोपं झालं, की त्याचा भार कोणाच्या अंगावर गेला हे त्याच दिवशी विचारावं, कारण उशिरा विचारलं तर उत्तर द्यायला त्या माणसाजवळ आवाज उरलेला नसतो.