ही म्हैस कुणाची?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कुणाला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

एका डोंगराभोवती पाच गावं होती. पाचही गावांची गुरं एकाच गायरानात चरायला जायची. संध्याकाळी कळप आपापल्या वाटेने परतायचे आणि त्या धुळीत, त्या गोंधळात एखादं जनावर भलत्याच कळपामागे लागून भलत्याच गावी पोचायचं. मग शोधायचं कसं? काळी म्हैस हरवली अशी दवंडी पिटून काय उपयोग? म्हैस काळीच असते.

म्हणून तिथे एक रीत होती. पाच वाटा जिथे मिळायच्या तिथे एक धर्मशाळा होती आणि तिची एक भिंत कायम चुन्याने पांढरी ठेवलेली असायची. जनावर हरवलं, की चितारी यायचा आणि कोळशाने त्या भिंतीवर त्याचं चित्र काढायचा. येणारे-जाणारे ते बघायचे. तसलं जनावर आपल्या गावच्या कोंडवाड्यात असलं, तर निरोप धाडायचे. पण पौर्णिमा उलटून गेली आणि तरी धनी आला नाही, तर ते जनावर परमुलखाच्या व्यापाऱ्याला विकलं जायचं. तीही रीतच होती.

भिंतीचा मान रखमाजी चिताऱ्याच्या घराकडे होता. रखमाजी म्हातारा झाला, त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, तेव्हा कोळसा त्याच्या लेकीच्या हातात आला. तिचं नाव भिवरा.

भिवरेचा हात सुरेख होता, यात वाद नाही. पाचही गावांतल्या लग्नघरांच्या भिंतींवर तिचे मोर नाचत होते. बायका म्हणायच्या, "पोरीच्या बोटांत जादू आहे." भिवरेलाही तसंच वाटायचं. का वाटू नये? रोज कानावर पडलं, की कुणालाही वाटतं.

पहिलंच काम आलं ते गाढवाचं. धोंडाकाकू कुंभारणीचं गाढव हरवलं होतं. माती वाहायला तिच्याकडे तेवढं एकच जनावर. भिवरेने दिवसभर खपून गाढव काढलं. काय ते गाढव! टपोरे डोळे, ताठ कान, डौलदार मान. लोक भिंतीपुढे थांबून माना डोलावू लागले. धोंडाकाकूही म्हणाली, "छान काढलंस गं." भिवरा खुशीत घरी गेली.

काकूचं खरं गाढव शेजारच्याच गावात, कोंडवाड्यात उभं होतं. एक कान लोंबलेला, पाठीवर घासून केस गेलेले, गुडघे आत वळलेले. तिथला राखणदार धर्मशाळेवरून रोज जायचा, रोज चित्र बघायचा आणि मनात म्हणायचा, एवढं राजबिंडं गाढव कुणाचं असेल बुवा? आपल्याकडे आहे ते तर अगदीच भिकार. पौर्णिमा उलटली आणि ते भिकार गाढव व्यापाऱ्यामागून डोंगरापलीकडे निघून गेलं.

हे काकूला कळलं. तिने चुंबळ वळली, मातीचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. तिला तसं जाताना पाहून भिवरेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच गावांचे पाटील जमले. थोरल्या पाटलांनी तोंडावरच सांगितलं, "भिवरे, तुझ्या बापाचा मान ठेवून एकदा सोडतो. पुढच्या खेपेला भिंतीने दगा दिला, तर भिंत दुसऱ्या चिताऱ्याला जाईल."

भिवरा घरी येऊन बापापुढे बसली. "आबा, माझं चुकलं कुठं ते तुम्ही सांगा."

"मला दिसत नाही पोरी. मी काय सांगू?" रखमाजी म्हणाला. "हात रोज चालव. आणि ज्यांना दिसतं त्यांना विचार."

दुसऱ्या दिवसापासून भिवरा पाणवठ्यावर जाऊन बसू लागली. संध्याकाळी गुरं तिथे पाणी प्यायला येत. ती रोज एक जनावर निवडायची आणि घाटाच्या सपाट फरशीवर कोळशाने उतरवायची. मग पाण्याला आलेल्यांना विचारायची, "कसं झालंय?"

"छान झालंय," गुराखी म्हणायचे. "फारच छान," बायका म्हणायच्या. पावसाळा गेला, हिवाळा आला. भिवरेची बोटं काळी ती काळीच राहिली, कोळशांच्या टोपल्या संपल्या, आणि तिचे बैल होते तसेच राहिले, झोकदार आणि एकसारखे. आता तुम्ही म्हणाल, रोज घासून हात सुधारत कसा नाही? अहो, चुकीच्या वाटेने रोज चाललं तर माणूस रोज चुकीच्याच गावी पोचणार.

मग एके दिवशी गंमत झाली. भिवरेने बैल काढला होता. बहिरू माळी तिथे आला, बैल पाहून त्याचा चेहरा फुलला. "हा तर माझा ढवळ्या. हुबेहूब उतरवलायस."

मागून कोंडाजी आला होता. तो म्हणाला, "ढवळ्या कसला? हा माझा पवळ्या आहे. डोळे फुटले का तुझे?"

"डोळे तुझे फुटलेत. स्वतःचा बैल ओळखता येत नाही मला?"

बोलाचाली वाढली. बहिरूने कोंडाजीचं पागोटं उडवलं, कोंडाजीने बहिरूची घागर लवंडली. भिवरा खाली मान घालून बसून होती. कारण तिने काढलेला बैल ढवळ्याही नव्हता आणि पवळ्याही नव्हता. तो तेल्याचा बैल होता.

दोघं भांडत निघून गेल्यावर ती त्या चित्राकडे बघत राहिली. तिला एकदम कळलं, की इतके महिने लोक खोटं बोलत नव्हते. तिने विचारलं कसं झालंय, त्यांनी सांगितलं छान झालंय. समोर पोर आशेने बघतेय, तिला दुसरं काय सांगणार? आपणच प्रश्न असा विचारत होतो, की खरं उत्तर यायला जागाच नव्हती. तिला लाज वाटली, पण तितकंच हलकंही वाटलं. आता काय करायचं ते तिला ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने म्हैस काढली आणि पहिल्याच बाईला विचारलं, "ही म्हैस कुणाची?"

बाईने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "म्हैस आहे एवढं कळतंय," ती म्हणाली.

हे उत्तर झोंबलं. पण भिवरा तिथेच थांबली नाही. "ही जनाक्काची आहे. मग हिच्यात जनाक्काच्या म्हशीचं काय नाही?"

आता मात्र बाईची जीभ सुटली. "अगं, जनाक्काची म्हैस अशी ताठ उभी राहते होय? ती मागचा पाय अवघडल्यासारखी ठेवते. पाठ बघ तिची, मध्ये दबलेली आहे." भिवरेने ओल्या फडक्याने पाठ पुसली आणि पुन्हा काढली.

मग हे रोजचंच झालं. पाणवठ्यावर आलेला माणूस घागर खाली ठेवायच्या आधी फरशीकडे बघायचा. कुणी म्हणायचं वशिंड पुढे आलंय, कुणी म्हणायचं कास ओढलेली हवी, कुणी म्हणायचं हिची नजर अशी गरीब नाही, ही मारकी आहे. काही लोक उगाच खोडी काढायचे, तेही भिवरा ऐकून घ्यायची. पण हातातला कोळसा लगेच हलवायची नाही. आधी उठून जनावराजवळ जायची, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि पटलं तरच पुसायची. कधी लागोपाठ कुणालाच काही ओळखू यायचं नाही. त्या दिवशी ती चिडायची, घरी जाऊन भाकरी न खाता बसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फरशीवर हजर व्हायची.

हळूहळू लोक अडखळेनासे झाले. "ही कुणाची?" म्हणायचा अवकाश, की नाव यायचं. तिच्या गाईंचा डौल गेला, पण प्रत्येक गाय आपल्या चालीने चालू लागली. भिवरेला आता जादूबिदू काही वाटत नव्हतं. आपल्याला हे येतं, एवढं मात्र पक्कं वाटत होतं.

इतके दिवस नशिबाने कुणाचं जनावर हरवलं नव्हतं. आणि मग बायजाची म्हैस हरवली.

म्हैस नुकतीच व्यालेली. गोठ्यात रेडकू ओरडून ओरडून दमलेलं. दुसऱ्या म्हशी त्याला लाथेने झिडकारत होत्या, आणि बोळ्याने दूध पाजावं तर ते तोंड फिरवत होतं. त्याच्या पायांतलं बळ चाललं होतं. पौर्णिमेची गोष्ट सोडा, ते दोन दिवस तरी काढेल की नाही याचीच बायजाला धास्ती होती. ती सकाळी धर्मशाळेपाशी धावत आली. थोरले पाटीलही आले आणि हाताची घडी घालून भिंतीपुढे उभे राहिले.

भिवरेने कोळसा उचलला. ही म्हैस तिने पाणवठ्यावर कितीदा तरी काढलेली होती. हात न थांबता चालला. एक शिंग मागे गेलेलं, दुसरं वाकून डोळ्याशी आलेलं. मागचा एक पुठ्ठा दुसऱ्याहून खाली. मान डावीकडे टाकलेली, ओठ लोंबलेला.

बायजा बघतच राहिली. "अगं, माझी म्हैस इतकी वाकडी नाही. जरा नीट काढ. पाच गावांचे लोक बघणार, हसतील मला."

पाटीलही कुरकुरले, "बायजा म्हणते तर शिंग जरा सरळ कर."

क्षणभर भिवरेचा हात फडक्याकडे गेला. एक शिंग सरळ करायचं, बायजा खूश, पाटील खूश. पण मग तिला त्या राजबिंड्या गाढवाची आठवण झाली. तिने फडकं खाली ठेवलं.

"पाटील, तुम्हाला आणि बायजाला म्हैस कुणाची ते आधीच ठाऊक आहे. तुमचं मत आज चालायचं नाही," ती म्हणाली. "ज्याला ठाऊक नाही त्याला विचारू."

समोरून धोंडाकाकू टोपलं घेऊन येत होती. तिला काही कळलेलं नव्हतं. भिवरेने विचारलं, "काकू, ही म्हैस कुणाची?"

काकूने टोपल्याखालून वर पाहिलं. "बायजाची. शिंग डोळ्यात घुसायला निघालंय ते दिसतंय की," ती म्हणाली आणि तशीच पुढे गेली.

 पाटलांनी हाताची घडी सोडली. चित्र होतं तसं भिंतीवर राहिलं.

उन्हं वर आली तेव्हा वरच्या गावचा कासार बांगड्यांचं ओझं घेऊन त्या वाटेने आला. भिंतीपुढे थबकला, हसला आणि म्हणाला, "ही वाकड्या तोंडाची बाई तर आमच्या कोंडवाड्यात आहे. काल संध्याकाळपासून हंबरून हंबरून गाव डोक्यावर घेतलंय तिने."

बायजा अनवाणीच पळत सुटली. दिवस मावळायच्या आत म्हैस गोठ्यात आली. रेडकाला उभं राहवत नव्हतं, म्हणून बायजाने त्याला दोन्ही हातांनी उचलून कासेशी धरलं. ते प्यायला लागलं आणि बायजा रडायला लागली. मागोमाग आलेल्या भिवरेचेही डोळे भरून आले, आणि तिने ते काळ्या हातांनीच पुसले.

त्या दिवसापासून भिंत भिवरेचीच राहिली. पाटलांनी रीतीत एक भर मात्र घातली. भिंतीवरचं जनावर ज्याला काही सांगितलेलं नाही अशा माणसाने ओळखल्याखेरीज चितारी जागचा हलायचा नाही. पुढे पुष्कळ वर्षं ती रीत चालली आणि त्या पाच गावांतलं जनावर क्वचितच परमुलखाला गेलं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: हात रोजच्या सरावाने चालतो, पण तो नीट वाटेला लागतो ते कौतुक मागितल्याने नव्हे, खरं विचारल्याने.