डांगरवाडीतला भोंगा

एका शहरात मार्डीकर नावाचे एक वृद्ध अभियंते राहत असत. लहान लहान यंत्रांच्या पोटात जी चिप असते, तिने कधी काय करावे हे तिला शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या इमारतीत छोटी कार्यशाळा काढली, आणि हे काम मुळापासून शिकू पाहणारी मुले-मुली त्यांच्याकडे येऊ लागली. अवंती ही त्यांतली सर्वांत कुशाग्र. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर तिची बोटे चालू लागली की सर हातातले काम थांबवून कौतुकाने नुसते पाहत राहत.

एके वर्षी त्यांच्याकडे एका भोंग्याचे काम आले. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना सावध करायचे होते. धरणावरून संदेश आला की नदीकाठच्या खांबावरील डब्यातली चिप जागी व्हावी आणि तिने भोंगा वाजवावा, एवढेच ते काम. गावातल्या माणसांपेक्षाही त्याची गरज होती ती नदीच्या पात्रातल्या माणसांना. त्या भागात उन्हाळ्यात नदी आटली की मासेमारी करणारे ढिवर लोक वाळूत टरबुजांचे आणि डांगरांचे वेल लावतात. अशा लागवडीला डांगरवाडी म्हणतात. फळे उतरेपर्यंत त्यांचा सारा दिवस पात्रातच जातो.

अवंतीने प्रोग्रॅम लिहायला घेतला तेव्हा चिप बसवलेला खरा बोर्ड अजून आलेला नव्हता. म्हणून ती एम्युलेटरवर काम करू लागली. एम्युलेटर म्हणजे चिपचे सोंग घेणारा प्रोग्रॅम. तो संगणकातच चिपची हुबेहूब नक्कल करतो आणि आपण लिहिलेले काम त्याच्यावर निर्धास्त चालवून पाहता येते. ही विद्या तिला सरांनीच शिकवली होती. तिने त्यावर कितीतरी चुका पकडल्या. संदेश अर्धवट आला तर काय, दोनदा आला तर काय, हे सारे तिने तपासले. प्रत्येक चाचणी हिरव्या अक्षरांत उत्तीर्ण होत गेली.

दिवाळीनंतर भोंगा खांबावर चढला. अवंती स्वतः हजर होती. नव्या बॅटरीवर तो असा कडाडून वाजला की गावातली पोरे नाचू लागली. सरपंचांनी सर्वांना चहा पाजला.

परतल्यावर सर म्हणाले, “अवंती, उन्हाळ्यात एकदा तिकडे जाऊन ये. ऊन चांगलं तापू दे, मग जा. दिवसभर बस तिथे.”

“कशासाठी सर? वाजतोय की.”

“आत्ता वाजतोय. तेव्हा काय करतो ते बघून ये.”

अवंती हसली. “ते मी बघितलंय. एम्युलेटरचं घड्याळ पळवलं आणि एका दुपारीत अख्खं वर्ष चालवलं. एकदाही चुकला नाही.”

“तरी जाऊन ये,” सर म्हणाले.

“जाते,” ती म्हणाली. आणि तिला खरोखरच जायचे होते. पण दुसरी कामे आली. हा आठवडा नको, पुढचा बघू, असे करता करता मे उजाडला. सरांनी मध्ये पुन्हा विचारले. तिने पुन्हा “जाते” म्हटले. तिच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास पाहून पुढे त्यांनीही विचारणे सोडून दिले.

त्या मे महिन्यात खालच्या शहराला पाणी कमी पडले म्हणून धरणाची दारे उघडायचे ठरले. संदेश वेळेवर निघाला, वेळेवर पोहोचला. चिप जागी झाली आणि तिने भोंगा सुरू केला. पण पत्र्याच्या डब्यात महिनोन्महिने भाजून निघालेली बॅटरी आता थकली होती. भोंग्याची मोटर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढते. त्या ओढीने बॅटरी खचली, चिपला पुरेशी वीज मिळेना आणि ती बंद पडली. भोंगा थांबताच बॅटरी सावरली, चिप पुन्हा जागी झाली, तिने पुन्हा भोंगा सुरू केला आणि पुन्हा बंद पडली. पाणी येईपर्यंत हेच चालले होते.

वाडीत त्या दिवशी श्रावण आणि सुगंधा हे नवरा-बायको होते. सुगंधा भाकरी आणायला काठावर चढली होती. श्रावण खाली पात्रात होता. पाण्याने वेल नेले, झोपडी नेली आणि श्रावणलाही नेले.

चौकशीला आलेल्या साहेबांना सुगंधा म्हणाली, “आवाज तं आला होता साहेब. हुं... हुं... असा. मले वाटलं, वरच्या रस्त्यावर कोनाची फटफटी सुरू होऊन नाही राहिली.”

बातमी कळली तेव्हा अवंती कार्यशाळेत होती. तिने आधी काय केले असेल? तिने तीच चाचणी पुन्हा चालवली. हिरवी. पुन्हा चालवली. पुन्हा हिरवी. मग तिने संगणक मिटला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ती बसून राहिली. सर शेजारी येऊन बसले.

डबा उघडल्यावर कारण सापडले. उपायही सोपा निघाला. चिपला स्वतःची वेगळी छोटी बॅटरी दिली, भोंग्याची बॅटरी दरवर्षी बदलायची असे ठरले, प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढल्या. तो उपाय इतका सोपा होता, हेच अवंतीला सर्वांत जास्त लागले. मोठे काही चुकले असते तर तिने स्वतःला समजावले असते. इथे फक्त एकदा जाऊन बसायचे होते.

तिने हट्टाने एम्युलेटरलाही खचणाऱ्या बॅटरीचे सोंग शिकवले आणि सरांना दाखवले. “सर, आता हे पुन्हा होणार नाही.”

“चांगलं केलंस,” सर म्हणाले. पण त्यांचा चेहरा निवळला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी ते म्हणाले, “चल, नदीवर जाऊ.” अवंतीने संगणक पिशवीत घातला. सरांनी तो काढून टेबलावर ठेवला. तिने वीज मोजायचा मीटर घेतला. तोही त्यांनी बाजूला ठेवला. धरणावरच्या माणसाला मात्र त्यांनी फोन करून सांगितले, “आज दिवसभरात तुमच्या मनाला येईल तेव्हा भोंगा वाजवा. कधी, ते आम्हाला सांगू नका. गावाला तेवढं आधी कळवा.”

खांबाजवळ पोहोचल्यावर सरांनी डब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. काठी टेकत ते सरळ वाळूत उतरले. सुगंधेने दिराच्या मदतीने पुन्हा वेल लावले होते. पोट होते, आणि दुसरा धंदा तिला येत नव्हता. तिला पाहताच अवंती दोन पावले मागेच थांबली.

सरांनी हात जोडले. “बाई, तो भोंगा बनवणारे आम्ही.”

सुगंधेने दोघांकडे बराच वेळ पाहिले. “बसा,” एवढेच ती म्हणाली, आणि पुन्हा वेलातले गवत उपटू लागली. सरही खाली बसून गवत उपटू लागले.

सूर्य वर आला. वाळू तापली. अवंतीला राहवेना. “सर, निदान डबा तरी उघडून बघू या. इथे नुसतं बसून काय कळणार?”

सर हात न थांबवता बोलू लागले. “अवंती, एम्युलेटर खोटं बोलला नव्हता. तो आपण सांगू तेवढाच शहाणा असतो. आपण त्याला ऊन सांगितलं नाही, म्हणून त्याच्या जगात ऊन नव्हतं. तू एका दुपारीत वर्ष चालवलंस, पण त्या वर्षात उन्हाळा आलाच नाही. त्याला प्रश्न विचारताना आपण स्वतःलाच विचारत असतो. तेही करावं, रोज करावं. पण आपल्याला काय ठाऊक नाही, ते तो कसं सांगणार? आता तू त्याला बॅटरी शिकवलीस. अजून काय राहिलंय ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून इथे बसायचं.” ते थोडे थांबले. “तू चालढकल करतेस, हे मला दिसत होतं. मी बोलणं सोडून दिलं. तो दोष माझ्याकडे राहील.”

अवंतीही खाली बसून गवत उपटू लागली. थोड्या वेळाने सुगंधेने तिला हाक मारली. “ताई, वेलाले पानी द्याचं हाय. खाली धारेपाशी इंजन हाय, थे सुरू करता का? हँडल जोरात फिरवा.”

काहीतरी करायला मिळाले म्हणून अवंती लगबगीने गेली. बऱ्याच प्रयत्नांनंतर डिझेलचे इंजिन धडधडू लागले. पाइपातून पाणी उसळले. वाकून ती पाइप सारखा करत होती. सहज मान वर केली, तर सुगंधा कमरेवर हात ठेवून खांबाकडे पाहत उभी होती. चाचणी आहे हे ठाऊक असूनही तिचा दीर टोपली टाकून काठाकडे निघाला होता. सर काठी उंच करून हलवत होते. त्यांचे तोंड हलत होते, पण शब्द तिच्यापर्यंत येत नव्हते.

अवंतीने धडपडत इंजिन बंद केले. आणि तेव्हा तिला तो ऐकू आला. भोंगा पूर्ण ताकदीने, न अडखळता वाजत होता. कधीपासून वाजत होता, कोणास ठाऊक.

सुगंधा वाळूतून चालत तिच्यापाशी आली. इंजिनाच्या तापलेल्या पत्र्याकडे पाहत म्हणाली, “त्या दिवशी थेबी इथंच होते, इंजन सुरू करून.”

भोंगा थांबला. मागोमाग सर धापा टाकत पोहोचले. “वाजला की गं! ऐकलास ना?”

“नाही, सर,” अवंती म्हणाली. “मला ऐकू आला नाही.”

सरांनी एकदा इंजिनाकडे पाहिले, एकदा सुगंधेकडे, आणि ते तिथेच वाळूवर खाली बसले. अवंती मात्र उभी राहिली. इथून काय काय दिसते, एखादा मोठा दिवा कुठे लावला तर इंजिनापाशी वाकलेल्या माणसाच्या नजरेत भरेल, हे ती सुगंधेला विचारू लागली. सुगंधा हात लांब करून दाखवत होती, अवंती डोळे पुसत त्या दिशेने पाहत होती.

आपण ज्याच्यासाठी काही घडवतो, त्याच्या जागी जाऊन एकदा उभे राहावे. आणि ते तो माणूस तिथे असेपर्यंत करावे.