खारट आमटी आणि चाळीस शब्द

एकदा एक सुगरण परभाषा शिकायला एका वृद्ध गुरूंकडे गेली. कुंदा तिचं नाव. केपटाउनच्या एका मोठ्या मुदपाकखान्यात पदार्थांची चव पाहण्याचं काम तिला मिळण्याजोगं होतं. अट एकच, तिथली आफ्रिकान्स भाषा यावी. गुरूंनी उभी हयात तिकडच्या जहाजांवर रांधण्यात घालवली होती. पंधरा दिवसांत कुंदानं चवीचे चाळीस शब्द घोकले. सूट म्हणजे गोड, स्यूर म्हणजे आंबट, सौट म्हणजे खारट आणि लेक्कर म्हणजे चविष्ट.

सोळाव्या दिवशी गुरूंनी स्वतः केलेली आमटी तिच्यापुढे ठेवली. "कशी झालीय? त्यांच्या भाषेत सांग."

आमटीत मुठीनं मीठ पडलं होतं. कुंदानं घोट कसाबसा गिळला आणि हसून म्हणाली, "लेक्कर, गुरुजी."

गुरूंनी वाटी उचलली, आमटी मोरीत ओतली आणि म्हणाले, "नीघ. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द बिनचूक, उच्चार बिनचूक, तरी हा अपमान? मुलाखत दोन दिवसांवर आली होती. ती हुकली तर पुन्हा लग्नाच्या पंगतींसाठी पोळ्या लाटणं नशिबी होतं. चौथ्या दिवशी आमटीचा घोट घेताच तिनं वाटी आपटली.

"डिट इस त सौट!" ती ओरडली. "फार खारट आहे! चार दिवस नुसतं मीठ खातेय मी! तुमची जीभ मेलीय का?"

"माझी नाही मेली!" गुरू कडाडले. "पहिल्याच दिवशी खोटं का बोललीस?"

"अन्नाला नावं ठेवू नयेत, असं आईनं शिकवलंय."

"ते पंगतीत बसणाऱ्याला! तू उभी राहणार चुलीपाशी. तुझ्या 'लेक्कर'च्या भरवशावर तीनशे माणसं जेवतील. पोरी, त्या भाषेत 'नाही' म्हणायचं तर वाक्यात दोनदा म्हणावं लागतं. तुझ्या तोंडून एकदाही निघेना! चाळीस शब्द पाठ केलेस आणि तीन दिवस वापरलास एकच, तोही खोटा. घरोघरी हेच चाललंय. सगळे 'छान झालंय' म्हणून हात धुतात, आणि रांधणारी शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, भाजी अळणी होती. कुणा एकाची जीभ रेटली नाही! वर याला आपण संस्कार म्हणतो."

कुंदाला आईचं एकटीचं, शेवटचं ताट आठवलं. 'छान झालंय' म्हणून ती स्वतःही कितीदा उठून गेली होती. तिचा राग ओसरला नव्हता, पण आता तो गुरूंवर नव्हता.

तिनं नवी आमटी केली आणि गुरूंना वाढली. त्यांनी भुरका मारला.

"त स्यूर," ते म्हणाले. फार आंबट.

कुंदाच्या कपाळावर आठी चढली. बावीस वर्षांत तिच्या आमटीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं बोट बुडवून चाटून पाहिलं. मग मुकाट्यानं गुळाचा डबा पुढे ओढला.