एकही रिबाउंड नाही

"मास्तर, एकदा काय ते सांगून टाका. माझी पोरगी टीमात ठेवायची का काढायची?"

बारगीर मास्तरांनी मान वर केली नाही. कोर्टाच्या कडेच्या बाकावर बसून ते रिंगची फाटलेली जाळी सुतळीनं विणत होते.

"मास्तर, मी काय विचारतोय?"

"ऐकलं की."

"मग?"

"हे टोक धर जरा."

जयपाल मगदूमनं सुतळीचं टोक धरलं. न धरून करतो काय? बाजारपेठेत पाइपांचं एवढं मोठं दुकान, चार माणसं हाताखाली, आणि इथं मात्र शाळेतल्या पोरासारखं सुतळी धरून बसायचं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

कॉलेजच्या त्या बास्केटबॉल कोर्टाला एका बाजूनं दगडी पायऱ्या आहेत. दिवाळीच्या आसपास विद्यापीठाचे सामने सुरू होतात. त्याआधी नव्या मुली सरावाला आल्या, की गावातली निम्मी रिकामी माणसं संध्याकाळी त्या पायऱ्यांवर येऊन बसतात. काम एकच, नव्यांची पारख. तीही कशाची, तर रिबाउंडची. नेम काय, सरावानं सुधारतो. पण नेम चुकून रिंगवरून परत उसळलेला चेंडू गर्दीतून ओढून आणायचा, तर ते अंगातच असावं लागतं, असं पायऱ्यांचं ठाम मत. आणि पायऱ्यांचं मत म्हणजे मगदूमचं मत.

तो स्वतः या कोर्टावर खेळलेला. नवी मुलगी दोन उड्या मारते न मारते तोच हा सांगून मोकळा. "हिच्या हाताला डिंक आहे." नाहीतर, "ही टाचांवर उभी राहते, हिला घरी पाठवा." बरं, बहुतेक वेळा ते खरं व्हायचं. पंचाईत तीच आहे. सारखं खरं ठरायला लागलं की माणूस फुगतो.

दोन वर्षांमागं बाहेरगावची एक उंच मुलगी आली होती. तिला चेंडू मिळेना. तेव्हा मगदूम पायरीवर उभा राहून म्हणाला होता, "नारळाचं झाड आहे रे नुसतं! आपण उंच वाढायचं आणि नारळ दुसऱ्यानं काढायचा!" पायऱ्या हसून हसून लोळल्या. ती मुलगी पुढं सरावाला आलीच नाही. मगदूम ते विसरूनही गेला.

यंदा त्याची स्वतःची मुलगी कॉलेजात आली. सुव्रता. टीममध्ये सगळ्यांत उंच. मगदूमनं आधीच जाहीर करून टाकलं, "बघत राहा. रिंगखालचा चेंडू दुसऱ्या कुणाच्या हाताला लागायचा नाही."

रविवारी शेजारच्या तालुक्याच्या कॉलेजशी मैत्रीचा सामना झाला. सुव्रताला एकही रिबाउंड मिळाला नाही. एकही! सगळे चेंडू घेतले ते तेजल चौगुलेनं. तीही सुव्रताच्याच टीममधली, नवीनच, आणि उभी राहिली तर सुव्रताच्या खांद्याला लागते.

मगदूम घसा फुटेस्तोवर ओरडत होता. "सुव्रता, उडी मार! अगं चेंडू बघ, चेंडू! उडी मार की!" पोरगी वळून बघेना. उडी मारेना. मग शेजारी बसलेला शांतू कुंभोजे, लहानपणापासूनचा दोस्त, हळूच म्हणाला, "जयपाल्या, नारळाचं झाड रे!"

पायऱ्या परत हसल्या.

त्या रात्री जेवताना मगदूम पोरीला नको ते बोलला. उंची वाया घालवलीस म्हणाला. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, त्यापेक्षा सोडून दे म्हणाला. सुव्रता ताटावरून उठली. तेव्हापासून ती बापाशी एक शब्द बोलत नव्हती. त्यानं पाणी मागितलं तर तांब्या आणून ठेवायची आणि निघून जायची. बूट घालून सरावाला मात्र रोज जात होती.

आता उद्या टीमची नावं विद्यापीठाला जायची होती. पोरगी ठेवली तर पायऱ्या वर्षभर हसणार. काढली तर ती जन्मभर बोलायची नाही. आणि निकाल स्वतः द्यायची मगदूमची छाती नव्हती, म्हणून तो मास्तरांकडं आला होता.

मास्तरांना निवृत्त होऊन जमाना झाला. पगार बंद झाला, पण टीम अजून तेच निवडायचे, आणि कोर्टाची किल्ली परत मागायची हिंमत एकाही प्राचार्याला झाली नाही. अंगानं काडी. डोक्यावर पांढरी टोपी. बोलणं कमी, आणि जे बोलायचे तेही सरळ कधी नाही.

"रविवारचा सामना बघितलास?" मास्तरांनी विचारलं.

"बघितला म्हणजे? शेवटपर्यंत बघितला!"

"काय दिसलं?"

"काय दिसणार? सगळे चेंडू तेजलनं घेतले."

"चेंडू कुठं गेले ते नाही विचारलं. काय दिसलं?"

"अहो, तेच तर सांगतोय!"

"हं..."

मास्तरांनी एक गाठ मारली. मग दुसरी मारली. मगदूमला वाटलं, ही जाळी यांच्या हातातून ओढून घ्यावी आणि द्यावी भिरकावून.

"मास्तर, हात जोडतो. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. तुमच्या या हं-हंनं माझं डोकं उठलंय. तिच्यात रिबाउंड आहे का नाही?"

"तुझ्यात आहे?"

"माझ्यात? माझं काय विचारता? तुमच्याच हाताखाली खेळलो की!"

मास्तर उठले. जाळी बाकावर ठेवली, बाकाखालचा चेंडू काढला आणि मगदूमच्या हातात दिला.

"त्या रेघेवर उभा राहा आणि चेंडू रिंगवर टाक. परत आला की धर. मी मधी असेन."

"तुम्ही?"

"एकदा जरी धरलास, तर सुव्रताचं नाव यादीतून आत्ता काढतो. तुझ्यासमोर."

मगदूमला हसू आलं. पण ते टिकलं नाही. नाव काढायचं म्हटलं, तर ते इतक्या लवकर नको होतं. पण आता नाही म्हणायचं म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला घाबरल्यासारखं झालं असतं. त्यानं चप्पल काढली, बाह्या सारल्या आणि रेघेवर जाऊन चेंडू टाकला.

चेंडू सरळ रिंगमधून खाली. काय तो नेम! मगदूमची छाती फुगली.

"त्यात काय?" मास्तर म्हणाले. "चुकव."

आता आली का पंचाईत! नेम धरून चुकवायचं. त्यानं चेंडू जरा जोरात मारला, तो रिंगवर आदळून उसळला आणि मगदूम धावला. धावला तो थेट मास्तरांच्या पाठीवर. मास्तर त्याच्याकडं पाठ करून, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभे होते, आणि बूड मागं रेटून त्याच्या मांड्यांवर जवळजवळ बसलेच होते. मगदूम डावीकडं गेला तर मास्तर डावीकडं. उजवीकडं गेला तर उजवीकडं. तोवर चेंडू टप्पे घेत घेत घाणेरीच्या झुडपात जाऊन पडला.

"आण," मास्तर म्हणाले.

मगदूमनं झुडपात शिरून चेंडू आणला. दंडावर ओरखडे उठले. परत टाकला. परत तेच. या वेळी त्यानं जोर लावला, बऱ्यापैकी लावला, पण म्हातारा हलेना. काडीसारखं अंग, आणि जमिनीत पुरलेल्या खांबासारखा उभा! चेंडू परत झुडपात.

"आण."

"अहो, चेंडू तुमच्या डोक्यावरून गेला! तुम्ही हात तरी वर करा!"

"आण की."

मगदूमचा शर्ट सुटला, श्वास भात्यासारखा चालू झाला. तो चिडला. मग इतका चिडला की मास्तर आहेत हेही विसरला आणि खांदा घालून घुसायला गेला. पाय घसरून बदकन बसला. चेंडू आरामात घरंगळत त्याच्याच बाजूनं निघून गेला, आणि त्याला हात पुढं करायचंही सुचलं नाही.

"हा कसला खेळ म्हणायचा?" तो बसल्या जागेवरून ओरडला. "मला चेंडू मिळाला नाही, मान्य! पण तुम्हाला तरी कुठं मिळाला? तुम्ही एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही!"

"मला कुठं हवा होता?"

"मग कुणाला हवा होता?"

मास्तरांनी टोपी सरळ केली आणि बाकावर जाऊन पुन्हा जाळी हातात घेतली.

मगदूम तसाच बसून राहिला...

त्याला रविवारची रिंगखालची गर्दी आठवली. समोरच्या टीममधली ती धिप्पाड पोरगी आठवली. सामन्याआधी पायऱ्यांनी तिचा केवढा धसका घेतला होता! तिनं रविवारी किती रिबाउंड घेतले? मगदूमनं आठवून बघितलं. एकही आठवेना. ती उडी मारताना आठवेना. ती होती कुठं? आणि तिच्या पुढ्यात, तिच्याकडं पाठ करून, हात पसरून कोण उभं होतं, तेजलला चेंडू मोकळा मिळावा म्हणून? आपण डोळे फाडून चेंडू बघत बसलो, आणि पोटची पोरगी दिसली नाही! मगदूमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात फाटक वाजलं. सरावाला मुली आल्या. पायऱ्यांवरही एकेक जण येऊन बसायला लागला. सुव्रता पुढं होती. बापाला असं जमिनीवर बसलेलं बघून ती थबकली. शर्ट बाहेर, दंडावर ओरखडे, केसात घाणेरीची पानं.

"काय झालं, पप्पा?"

रविवारनंतर ती पहिल्यांदा बोलत होती. मगदूमनं ओरखडे झाकायला बाही खाली ओढली.

"काही नाही गं... चेंडू मिळाला नाही."

सुव्रतानं मास्तरांकडं बघितलं. मास्तर जाळी विणत होते. मग तिनं परत बापाकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. दाबायला गेली, पण दबेना.

"तुम्हालापण रेटलं होय मास्तरांनी? माझ्या मांड्या अजून दुखतायत."

तिनं हात पुढं केला. मगदूम तो धरून उठला. हात चांगला घट्ट होता.

"आलं रे आलं!" पायऱ्यांवरून शांतू कुंभोजेनं हाळी दिली. "नारळाचं झाड आलं!"

"शांतू!" मगदूम असा गरजला की मुलीसुद्धा दचकल्या. "तोंड बंद ठेव. ते बोलणं माझं होतं, आणि ते या कोर्टावर परत कुणी बोलायचं नाही. सांगून ठेवतो!"

पायऱ्या गप्प झाल्या. शांतूनं खिशातली सुपारी काढून तोंडात टाकली आणि तोंड खरंच बंद ठेवलं.

सुव्रता खाली मान घालून बुटाच्या नाड्या बांधायला लागली. बराच वेळ बांधत होती. मग पळत कोर्टात गेली.

मगदूम त्या दिवशी पायऱ्यांवर गेला नाही. मास्तरांच्या शेजारी बाकावर टेकला आणि न सांगता सुतळीचं टोक धरलं. सराव सुरू झाला. कुणीतरी नेम चुकवला, चेंडू उसळला. मगदूमची नजर सवयीनं वर गेली. त्यानं ती मोठ्या कष्टानं खाली आणली.

थोड्या वेळानं तो हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर... रविवारी तिनं त्यांच्या त्या धिप्पाड पोरीला अडवून धरलं होतं. सबंध सामनाभर. होय ना?"

"दोघांना."

"दोघांना?" मगदूम बुचकळ्यात पडला. "त्यांच्यात तशी एकच होती की."

मास्तरांनी शेवटची गाठ दातांत धरून आवळली.

"एकच होती. दुसरा पायरीवरून ओरडत होता."